गोदूबाईने बेडकाची परीक्षा घेतली

पैज लागली ती नौपाड्यात, दौलतच्या सायकलच्या दुकानासमोर, आणि लागली ती एका बेडकावरून.

दौलत पंक्चर काढता काढता इतक्या थापा मारायचा की चुकून खरं बोलला तरी लोक हसायचे. त्या दिवशी तो चुकून खरं बोलला. म्हणाला, कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या टिपणीस डॉक्टरीणबाईंना मी पाचपाखाडीच्या शेतातून बेडूक धरून देतो. नरच लागतात, खरबरीत पाठीचे. आणि बाईला दिवस गेलेत की नाही, ते हे बेडूक सांगतात.

"बोलतात?" टोपली घेऊन बसलेल्या हौसाबाई भाजीवालीने विचारलं.

"बोलतात कशाला? बाईचं सकाळचं पाणी बाटलीत न्यायचं. डॉक्टरीणबाई सुईने ते बेडकाच्या कातडीखाली घालतात. पोटात गर्भ धरला असेल तर त्या पाण्यात एक रस उतरलेला असतो. तो अंगात गेला की बेडकाला वाटतं, आला लगीनसराईचा मोसम! दोन-तीन तासांत गडी जे काय सोडतो, ते बाई दुर्बिणीखाली बघतात. त्यात बी वळवळताना दिसलं की समजायचं, बाई गरवार."

"आणि नसली तर?"

"तर बेडूक ब्रह्मचारी."

हसून हसून हौसाबाईच्या टोपलीतली मेथी खाली पडली. पण समोरच्या ओट्यावर बसलेली गोदूबाई हसली नाही. गोदूबाई हसली नाही की समजायचं, डोक्यात काहीतरी शिजतंय. पन्नाशीच्या आसपासची, हाडापेराने दणकट, आणि खोड्या काढण्यात सगळ्या आळीची गुरू. मापात मारणाऱ्या वाण्याच्या गादीखाली तिने एकदा मूठभर भिजवलेले वाल सरकवलेले. मोड येऊन गादी वर उचलली तेव्हा वाण्याला पत्ता लागला. अशी बाई दुसऱ्याच्या थापेला टाळी देईल होय?

"दौलत, मेल्या," ती म्हणाली, "तुझ्या डॉक्टरणीला आधी बाईचा चेहरा बघून कळतं. मग ती बेडकाच्या नावावर खपवते. बेडकाला काय कळतंय बाईच्या पोटातलं? त्याला स्वतःच्या पोटात किती माशा गेल्या ते कळत नाही."

"लावता पैज, वैनी?"

"लाव."

"बेडूक चुकला तर मी नऊवारी नेसून, नथ घालून, सायकलवरून मासुंदा तलावाला चक्कर मारीन."

"मिशी ठेवून?"

"मिशी ठेवून! पण बेडूक खरा ठरला तर तुम्ही इथे, भर बाजारात, त्याला ताम्हणात बसवायचं, हळदीकुंकू लावायचं आणि हात जोडून तीनदा मोठ्याने म्हणायचं, 'डॉक्टरसाहेब, चुकले.'"

"बेडकाला हळदीकुंकू? तो पुरुष ना रे?"

"मग गंध लावा. पण साहेब म्हणायचं."

हौसाबाई साक्षीला राहिली. आळीतून कुणाचीही बाटली पुढे गेली की त्यावर निकाल लावायचा, असं ठरलं. ती बाटली आपल्याच घरातून जाईल हे गोदूबाईच्या स्वप्नातही नव्हतं.

घरात तीन माणसं. गोदूबाई, तिचा मुलगा सुधीर आणि सून शकू. सुधीर कल्याणच्या पुढे मोहन्याला, रेयॉनच्या फॅक्टरीत कामाला. शकूही तिकडचीच मुलगी. लग्नाला चार वर्षं झालेली आणि दोनदा शकूचं पोट पडलेलं. दोन्ही वेळा तिसऱ्यातच. आता पुन्हा दिवस गेले होते. तिसरा सरेपर्यंत ही गोष्ट उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायची नाही, ही तर सगळ्यांचीच रीत. पण गोदूबाईने शकूच्या आईलासुद्धा कळवलं नव्हतं. कारण दुसऱ्या वेळी एक गोष्ट घडलेली. शकूचं वाळत घातलेलं लुगड्याचं फडकं दोरीवरून नाहीसं झालं आणि आठ दिवसांत पोट पडलं. कावळ्याने नेलं असेल, उंदराने नेलं असेल, पण गोदूबाईच्या मनात एकच शब्द बसला: करणी. तेव्हापासून शकूची तुटलेली केसं ती चुलीत घालायची, नखं तुळशीत पुरायची. जगाला टोप्या घालणारी बाई, पण या एका भीतीने तिलाच टोपी घातली होती.

भाद्रपद संपता संपता एका दुपारी शकू मोरीतून बाहेर आली ती भिंत धरून.

"आई, डाग दिसला."

एवढंच बोलली. रडली नाही, तेच वाईट. दोनदा रडून झालेलं होतं. गोदूबाईने तिला टांग्यात घातलं, टांगेवाल्याला "हिच्या दाताला सूज आलीय" असं सांगितलं आणि टिपणीसबाईंच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई मोठ्या शांत. तपासलं, विचारलं, आणि सांगायला बसल्या. गोदूबाईने ऐकायला हवं होतं. पण टेबलाखाली जाळीची पेटी होती आणि पेटीत चार बेडूक होते. त्यातला एक तिच्याकडे टक लावून बघत होता. गोदूबाईने त्याला जीभ दाखवली. त्याने गळा फुगवला. या सगळ्या मानापमानात डॉक्टरीणबाईंचं मधलं बोलणं राहून गेलं. कानावर पडलं ते शेवटचंच: "उद्या सकाळचं पहिलं पाणी स्वच्छ बाटलीत पाठवा. आणि हिला झोपवून ठेवा, हलू देऊ नका."

दुसऱ्या दिवशी सुधीर पहिल्या पाळीला गेलेला. शकूने बाटली भरून सासूच्या हातात दिली आणि पुन्हा आडवी झाली. गोदूबाई मोरीत उभी राहून त्या बाटलीकडे बघत राहिली.

सुनेचं पाणी दौलतच्या हातून बाजारातून जायचं? कुठे ठेवेल, कोण हात लावील? केसं आपण जाळतो, नखं पुरतो आणि हे बाटलीत भरून बाहेर धाडायचं? आणि कशासाठी, तर त्या गळा फुगवणाऱ्याला टोचायला! तेवढ्यात तिच्या डोक्यात वीज चमकली. पेटीतला बेडूक ओळखणार आहे थोडाच, पाणी कुणाचं ते? डॉक्टरणीने शकूला तपासलंय, तिला ठाऊक आहे पोरगी गरवार आहे. ती काय, 'होय' म्हणूनच सांगणार. मग भर बाजारात सांगू, अरे दौलत, ती बाटली तर या म्हातारीची होती! पन्नाशीच्या विधवेला तुझ्या बेडकाने गरवार केलं! नऊवारी काढ, नथ काढ!

तिला इतकं हसू आलं की पदर तोंडात कोंबावा लागला. सुनेची बाटली मोरीत उपडी झाली, बाटली धुतली गेली आणि पुन्हा भरली गेली. कोणी भरली ते सांगायला नको.

"कुणाची?" दौलतने दबक्या आवाजात विचारलं.

"शकूची. पण आळीत बोललास तर तुझ्या दुकानातल्या सगळ्या ट्यूबांना दाभण लावीन."

"वैनी, मी मस्करी करतो, चहाडी नाही," दौलत म्हणाला. आणि खरंच, बाटली धोतराच्या सोग्यात गुंडाळून, देवाचं तीर्थ न्यावं तशी घेऊन गेला.

दुपारी गोदूबाई गिरणीत ज्वारी दळून घेत होती. घरी हौसाबाईला शकूजवळ बसवलं होतं. तिलाही दाताचंच सांगितलेलं. गिरणीच्या दारात दौलत येऊन उभा राहिला. चेहरा असा, की जणू दुकान जळालंय.

"वैनी, बाहेर या."

"काय रे, काय म्हणाला तुझा साहेब?"

"पैज सोडा. मला नको ती पैज." त्याने डोळे पुसले. "नाही म्हणाला."

गोदूबाईच्या हातातला पिठाचा डबा तसाच राहिला. नाही म्हणाला? म्हणजे त्याला कळलं? डॉक्टरीणबाईंनी पोरीला तपासलेलं, तरी त्यांनी बेडकाचंच ऐकलं? तिच्या अंगावर सरसरून काटा आला. आणि लगेच, सवयच वाईट, हसू आलं.

"शहाणा आहे रे बेडूक!"

"हसताय काय? सुधीर पाळीवरून आला तो परस्पर दवाखान्यात गेला, तिथे त्याला कळलं. तो शकूला टांग्यातून घेऊन गेलाय. बाई म्हणाल्या, रस उरलेला नाही, म्हणजे गर्भ गेला. आत राहिलं तर अंगात विष भिनेल. आजच पिशवी साफ करणार. काल तुम्हाला बोललेल्या ना त्या, बेडूक हो म्हणाला तर टिकवायचं बघू, नाही म्हणाला तर साफ करू!"

हेच ते मधलं बोलणं. काल हेच राहून गेलेलं, बेडकाला जीभ दाखवता दाखवता.

डबा पडला. पीठ उडून गोदूबाई डोक्यापासून पायापर्यंत पांढरी झाली. "सायकल कुठाय?" तिने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता नऊवारीचा सोगा खोचून ती कॅरियरवर चढून बसली. "मार! मार पायडल, मुडद्या!"

नौपाड्याने तोवर पुष्कळ काही पाहिलेलं, पण पिठाने माखलेली बाई सायकलच्या कॅरियरवर टांग टाकून बसलीय, दोन्ही मुठींनी पुढच्याच्या पाठीत गुद्दे घालतेय आणि "सरका! सरका!" म्हणून ओरडतेय, हे नव्हतं पाहिलं. वाणी गादीवरून उठून उभा राहिला. एक चप्पल राममंदिराजवळ पडली. दौलत म्हणाला, "वैनी, चप्पल!" गोदूबाई म्हणाली, "मसणात गेली चप्पल!"

दवाखान्याच्या बाकावर सुधीर डोकं धरून बसलेला. आतलं दार लोटलेलं. आत भांड्यांचा आवाज येत होता, उकळत्या पाण्यात लोखंड ठेवल्याचा. गोदूबाईने ते दार खांद्याने ढकललं.

"थांबा! हात लावू नका माझ्या पोरीला! ती बाटली तिची नव्हती!"

शकू टेबलावर होती. डॉक्टरीणबाई हात धूत होत्या. "तिची नव्हती म्हणजे? मग कुणाची?"

गोदूबाईने मागे बघितलं. दारात मुलगा, त्याच्या मागे दौलत.

"माझी," ती म्हणाली. "माझं पाणी होतं हो त्यात."

डॉक्टरीणबाईंचे हात नळाखालीच राहिले. मग त्या हळूच स्टुलावर बसल्या. रागावल्या नाहीत, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"गोदूबाई, तुम्हाला कळतंय का, मी आता या हातांनी काय करणार होते?"

गोदूबाईने मान हलवली. पिठाच्या तोंडावरून पाण्याचे ओघळ खाली आले.

"आये, तुला अक्कल..." सुधीर पुढे आला, पण शकूने टेबलावरून हात वर केला. तिने फक्त एकच विचारलं, आणि तेही डॉक्टरीणबाईंना.

"मग अजून असेल का?"

"माहीत नाही," बाई म्हणाल्या. "असेल, नसेलही. पण आता विचारता तरी येईल. भरा बाटली. आणि या वेळी मी स्वतः समोर उभी राहणार आहे."

दोन बेडूक निवडले. एक तोच, गळा फुगवणारा. सुई टोचून त्यांना काचेच्या बरणीत ठेवलं आणि गोदूबाई त्या बरणीसमोर जमिनीवर बसली. सत्यनारायणासमोर बसावं तशी. इतरांना वाटलं, जप करतेय. जप कसला, ती त्या बेडकाशी बोलत होती. काल तुला जीभ दाखवली ती मनात ठेवू नकोस. खोडी माझी, पोरीचा त्यात काही गुन्हा नाही. तू सकाळी खरं बोललास, आता पण खरंच बोल, पण बाबा... आणि तिथे ती अडकायची. खरं बोल आणि हो पण म्हण, हे एकाच दमात मागायचं कसं?

पलीकडे शकू डॉक्टरीणबाईंशी बोलत होती.

"बाई, मागच्या दोन्ही वेळी मी पाण्याची कळशी उचललेली. त्याने झालं ना?"

"नाही गं. गर्भ धरला की अंगात काही रस तयार होतात. एक गर्भाचा स्वतःचा, जो या बेडकाला कळतो. दुसरा आईचा, जो पिशवीला गर्भ धरून ठेवायला सांगतो. त्यात कमी पडलं की पिशवीला वाटतं पाळीची वेळ झाली, आणि ती सोडून देते. कधी गर्भच मुळात कच्चा असतो. कळशीचा दोष नाही, तुझा नाही."

"आणि करणी?" गोदूबाईने जमिनीवरूनच विचारलं. आवाज इतका लहान, की दौलतला वाटलं दुसरंच कोणी बोललं.

"करणी एकच झाली, गोदूबाई. ती आज सकाळी तुमच्या मोरीत."

दिवेलागणीला बाईंनी काचेच्या नळीने बेडकाचा थेंब घेतला, दुर्बिणीखाली ठेवला. बघत राहिल्या. चाक फिरवलं, पुन्हा बघितलं. दुसऱ्या बेडकाचा घेतला. सुधीर भिंतीकडे तोंड करून उभा होता.

"इकडे या, गोदूबाई," त्या म्हणाल्या. "एक डोळा मिटा."

गोदूबाईने बघितलं. आधी नुसता उजेड. मग त्या उजेडात बारीक बारीक काड्या, आणि काड्या चालतायत. इकडून तिकडे, घाईत.

"हे काय?"

"हे 'हो'," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दोघंही हो म्हणाले."

गोदूबाईने आधी सुधीरला शिव्या घातल्या, मग दौलतला, मग वाण्याला, जो तिथे नव्हताच. तिला रडायचं होतं. रडण्याचा सराव नव्हता. शकू मात्र रडली. या वेळी मोठ्याने, मोकळी, आणि मध्येच हसलीसुद्धा, कारण सासूच्या ओल्या तोंडावर पिठाची लापशी झाली होती.

"लगेच नाचू नका," डॉक्टरीणबाईंनी दटावलं. "गर्भ आहे एवढंच हा सांगतो. टिकेल की नाही ते सांगत नाही. मुंबईहून इंजेक्शनं मागवते, त्या दुसऱ्या रसाची. हमी देत नाही. खाटेवरून उतरायचं नाही. तिसरा पार पडला की मला निम्मा घोर कमी."

घरी येऊन गोदूबाईने शकूची खाट खिडकीशी ओढली आणि स्वतः कळशी उचलली. सुधीर चार दिवस आईशी बोलला नाही. पाचव्या दिवशी तिने त्याच्या डब्यात भाकरीऐवजी गोल कापलेला पुठ्ठा घातला, तेव्हा मोहन्याहून येऊन तो इतका ओरडला की बोलणं सुरू झालंच.

पण खरी शिक्षा पुढेच होती. पैज दौलतने जिंकली एवढं आळीला कळलेलं. बाटली कुणाची, हे तो सांगेना. बाईमाणसाची गोष्ट, मी बोलणार नाही, म्हणाला. आणि गोदूबाई दंड भरेना. भरणार कशी? बेडकाला भर बाजारात साहेब म्हटलं की लोक विचारणार, कुठली गरवार बाई? घरात शकू खाटेवर. दोन आणि दोन चार करायला आळीला वेळ लागत नाही. आणि तिसरा सरला नव्हता.

"काय गोदूबाय, पळालात?" हौसाबाई रोज विचारायची. "साहेब वाट बघतायत ताम्हणात बसायची."

"लोकांच्या गादीखाली वाल घालता येतात, पण शब्द पाळता येत नाही," वाणी म्हणायचा.

एरवी या वाक्यावर वाण्याचं दुकान उठलं असतं. गोदूबाई खाली मान घालून पुढे जायची. दौलतलाच कसंतरी व्हायचं. एकदा तो म्हणाला, "वैनी, पैज फिटली असं सांगून टाकू का?" ती फणकारली, "गप्प बस. हरले ती हरले. फक्त दिवस मी ठरवणार."

दसरा गेला. डाग पुन्हा दिसला नाही. इंजेक्शनांनी शकूचे दंड सुजले, पण सकाळच्या उलट्या थांबेनात आणि त्या प्रत्येक उलटीला गोदूबाई बाहेर उभी राहून हात जोडायची. दिवाळीच्या तोंडावर डॉक्टरीणबाईंनी पोटावर हात फिरवून बघितला. पिशवी हाताला लागत होती, हवी तेवढी वाढलेली. "चौथा लागला," त्या म्हणाल्या. "आता सांगा कुणाला सांगायचं ते."

वसुबारसेच्या दिवशी, ऐन बाजाराच्या वेळी, गोदूबाई नव्या लुगड्यात आळीतून निघाली. एका हातात ताम्हण, दुसऱ्या हाताला शकू, सावकाश पावलं टाकत. मागे सुधीर खुर्ची घेऊन. दौलतच्या दुकानासमोर खुर्ची मांडून तिने सुनेला बसवलं.

"दौलत, आण तुझ्या साहेबाला."

दौलत उठलाच. धावत दवाखान्यात गेला आणि पेटीतला नेमका तोच घेऊन आला. हौसाबाई टोपली सोडून उठली. वाणी गादीवरून आला. हां हां म्हणता रस्ता भरला. सायकलवाले उतरून टाचा उंच करून बघू लागले.

"अगो पण बाई कोण होती?" हौसाबाईने विचारलं.

गोदूबाईने, विधवेने ओटी भरू नये ही रीत मसणात घालून, शकूच्या कपाळाला कुंकू लावलं आणि तिच्या ओटीत नारळ ठेवला. हौसाबाईचा हात तोंडावर गेला. मग तिने शकूच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवून कानशिलावर अशी बोटं मोडली, की आवाज वाण्याच्या दुकानापर्यंत गेला. "म्हणून गप्प होतीस होय गो, रांडेचे!"

मग गोदूबाईने बेडूक ओंजळीत घेतला, ताम्हणात बसवला, खरबरीत डोक्यावर गंधाचं बोट टेकलं.

"डॉक्टरसाहेब, चुकले!"

बाजार खदखदला. "मोठ्याने!" वाणी ओरडला. एवढी संधी त्याला पुन्हा कधी मिळणार?

"डॉक्टरसाहेब, चुकले!"

साहेबांना ताम्हण गार लागलं असावं. ते उडी मारायला निघाले, गोदूबाईने चटकन दोन्ही हातांत पकडलं, आणि साहेबांनी तिच्या मनगटापासून कोपरापर्यंत, नव्या लुगड्यावर, ऐन बाजारात धार सोडली.

माणसं एकमेकांच्या अंगावर पडून हसू लागली. दौलत सायकलला धरून खाली बसला. "वैनी! फिटंफाट! तुम्ही त्याला दिलंत, त्याने तुम्हाला!" याचा अर्थ चौघांनाच कळला, त्यातली शकू खुर्चीत पोट धरून हसत होती.

गोदूबाईने हात झटकला नाही. बेडूक तसाच छातीशी धरला, मान ताठ केली आणि मासुंदा तलावापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात तिसऱ्यांदा म्हणाली, "डॉक्टरसाहेब, चुकले हो, चुकले!"